लॅब्रॅडॉर रिट्रिव्हर : मराठवाड्यातील घरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘लॅब्रा’ पाळणारी घरे आता लातूर, नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरपुरती राहिलेली नाहीत. तालुक्याच्या गावांतही ती दिसू लागली आहेत. पिल्लू घरी येते तेव्हा कौतुकाला सीमा नसते. वर्षभरात तेच पिल्लू तीस किलोंचे होते, चपला आणि गाद्या फाडते, येईल त्याच्या अंगावर लाडाने उड्या मारते, आणि मग ते दाराशी साखळीला बांधले जाते किंवा शेतात सोडले जाते. लॅब्रॅडॉर सांभाळणाऱ्या लोकांशी बोलताना मला पुन्हा पुन्हा जाणवले आहे की यांतील बहुतेक तक्रारी ही जात कोणत्या कामासाठी घडवली गेली हे कोणी सांगितले नाही म्हणून निर्माण होतात. म्हणून या जातीची पार्श्वभूमी आणि स्वभाव यांविषयीची उत्तरे मी थोडी सविस्तर दिली आहेत.

‘रिट्रिव्हर’ म्हणजे नेमके काय?

रिट्रिव्हर म्हणजे शोधून परत आणून देणारा कुत्रा. बंदुकीने पाडलेला पक्षी पाण्यात, गवतात किंवा झुडपात कुठेही पडला, तरी तो हुडकून, न चावता आणि न फाडता, जसाच्या तसा मालकाच्या हातात आणून देणे हे त्याचे मूळ काम होते. ऐकायला हे सोपे वाटते, परंतु त्यात बऱ्याच गोष्टी येतात. बंदुकीचा आवाज होत असताना शिकाऱ्याशेजारी शांत बसायचे, पक्षी कुठे पडला ते ध्यानात ठेवायचे, सांगितल्याशिवाय जागचे हलायचे नाही, शंभर पावले दूर गेल्यावरही शिट्टी किंवा हाताची खूण पाहून दिशा बदलायची, आणि शेवटी तोंडात ताजी शिकार असताना ती खाण्याचा मोह आवरायचा. अशी कामे करणाऱ्या कुत्र्यांची पिढ्यान् पिढ्या निवड होत गेली आणि त्यातून आजचा स्वभाव तयार झाला. लॅब्रॅडॉर घरातील माणसाच्या तोंडाकडे सतत पाहत राहतो, पाहुणा आला की काहीतरी तोंडात घेऊन सामोरा जातो, चप्पल पळवतो पण बहुधा तुमच्यासमोरच आणतो. या सगळ्यांचा उगम त्या कामात आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे हा मूळ उपयोग इथे संभवत नाही. काम गेले तरी कामाची ओढ मात्र कुत्र्याच्या अंगात राहते, आणि तिला वाट करून देणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

ही जात कॅनडातील लॅब्रॅडॉर या भागातून आली का?

नावावरून तसे वाटते, पण तिचे मूळ लॅब्रॅडॉरच्या दक्षिणेस असलेल्या न्यूफाउंडलंड बेटावर आहे. तेथील सेंट जॉन्स या बंदराच्या परिसरात कॉड मासा पकडणारे कोळी आखूड केसांचे, काळ्या रंगाचे, पोहण्यात तरबेज असे कुत्रे बाळगत. गळातून निसटलेला मासा पकडणे, जाळ्याची दोरी तोंडात धरून किनाऱ्यापर्यंत आणणे अशी त्यांची कामे असत. बर्फासारख्या थंड पाण्यात हे काम करायचे असल्याने, वरून राठ आणि खाली दाट लोकरीसारखा असा दुहेरी केसांचा थर, बोटांमधले पडदे आणि बुडाशी जाड व टोकाकडे निमुळती होत जाणारी, पाणमांजरासारखी शेपटी ही त्यांची वैशिष्ट्ये होती. आजच्या लॅब्रॅडॉरमध्ये ही तिन्ही पाहायला मिळतात.

न्यूफाउंडलंडचे खारवलेले मासे घेऊन जहाजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पूल या बंदरात येत, आणि त्यांच्याबरोबर हे कुत्रेही येत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माम्सबरीच्या अर्लने (इंग्लंडमधील एका सरदाराने) त्यांतील काही घेऊन त्यांची पैदास सुरू केली. स्कॉटलंडमध्ये बक्लूच्या ड्यूकनेही तेच केले. पुढे १८८० च्या दशकात तिसऱ्या माम्सबरी अर्लने बक्लू घराण्याला काही कुत्रे भेट दिले. त्यांतील ‘नेड’ आणि ‘एव्हन’ हे दोन कुत्रे आजच्या लॅब्रॅडॉरचे मूळपुरुष मानले जातात. याच सुमारास न्यूफाउंडलंडमध्ये मेंढ्यांच्या रक्षणासाठी कुत्र्यांवर कर आणि निर्बंध आले, इंग्लंडमध्ये आयात प्राण्यांना विलग ठेवण्याचे कडक नियम झाले, आणि मूळ कुत्र्यांची आवक थांबली. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या इंग्लंडच्या केनेल क्लबने लॅब्रॅडॉरला १९०३ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, अमेरिकेतील क्लबने १९१७ मध्ये. सेंट जॉन्सचा तो मूळ पाणकुत्रा मात्र १९८० च्या दशकात नामशेष झाला.

त्या पूर्वजांच्या छातीवर आणि पंजांवर पांढरे ठिपके असत. आजही एखाद्या अस्सल काळ्या पिल्लाच्या छातीवर छोटा पांढरा डाग निघतो. तेवढ्यावरून ‘पिल्लू मिक्स आहे’ असे समजून ते परत करू नये.

लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रिव्हर एकच का?

नाही. गोल्डन रिट्रिव्हर ही स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी घडवलेली निराळी जात आहे. त्यांच्याकडील ‘नूस’ नावाचा पिवळा रिट्रिव्हर आणि ‘बेल’ नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल जातीची मादी यांच्या १८६८ मधील पिल्लांपासून तिची सुरुवात होते. गोल्डनचे केस लांब असतात, लॅब्रॅडॉरचे आखूड. पिवळ्या लॅब्रॅडॉरला ‘गोल्डन’ म्हणून विकण्याचे प्रकार होतात, म्हणून एवढे लक्षात ठेवावे.

लॅब्रॅडॉरचा स्वभाव खरोखर इतका गरीब असतो का?

‘गरीब’ हा शब्द आपण ज्या अर्थाने वापरतो, म्हणजे कोणाच्या अध्यात ना मध्यात, त्या अर्थाने तो गरीब नाही. तो माणसाळलेला आहे, उत्साही आहे, आणि अनोळखी माणूसही त्याला शत्रू वाटत नाही. शिकारीच्या दिवशी अनेक बंदुकदार आणि अनेक कुत्रे एकत्र असत. तिथे भांडखोर कुत्रा कोणी ठेवत नसे, त्यामुळे हा मनमिळाऊपणा निवडीतूनच आला. शिकवलेले तो लवकर आत्मसात करतो, कारण माणसाला खूश करण्यात आणि खाऊ मिळवण्यात त्याला सारखाच रस असतो.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शरीराने तो वर्ष-दीड वर्षात मोठा होतो, पण वागण्याला ठहराव येण्यास अडीच-तीन वर्षे लागतात. मधल्या काळात तीस किलोंच्या अंगात तीन महिन्यांच्या पिल्लाचे मन असते. प्रत्येक वस्तू तोंडाने तपासणे ही त्याची जन्मजात वृत्ती असल्याने, चावायला योग्य वस्तू दिली नाही तर तो स्वतःच शोधून घेतो. एकटेपणा त्याला सहन होत नाही. दिवसभर घर बंद आणि कुत्रा गच्चीवर, अशी व्यवस्था असेल तर तो खणतो, भुंकतो, स्वतःचे पंजे चाटून जखमा करून घेतो. याला खोडसाळपणा म्हणून मारणे हा अन्याय आहे असे मी स्पष्टपणे म्हणेन.

आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) राखणीसाठी लॅब्रॅडॉर ठेवावा का?

ठेवू नये. मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मी कधीच बदललेले नाही.

राखणीच्या कुत्र्याकडे दोन गुण लागतात: अनोळखी माणसाविषयी संशय, आणि माणसांपासून दूर एकटे राहण्याची तयारी. लॅब्रॅडॉरमध्ये हे दोन्ही गुण मुद्दाम कमी करत आणले गेले आहेत. त्याचा आवाज भारदस्त असतो, त्यामुळे दारावर कोणी आले की वर्दी तो चांगली देतो, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. परंतु रात्री आखाड्यावर आलेला माणूस दोन शब्द गोड बोलला, हातात भाकरीचा तुकडा घेऊन आला, तर हा कुत्रा त्याच्यामागे शेपटी हलवत जाण्याचीच शक्यता अधिक. त्याला तापट करण्यासाठी काही जण अंधारात बांधून ठेवतात, उपाशी ठेवतात किंवा मिरची खायला घालतात. मिरचीने कुत्रा राखणदार होत नाही, त्याचे पोट मात्र बिघडते. आणि बांधून ठेवलेला, घाबरलेला कुत्रा चोराऐवजी घरातील लेकराला चावण्याचा धोका असतो.

शेतासाठी खरोखर कुत्रा हवा असेल तर गावातील चांगल्या मादीचे गावठी पिल्लू आणावे. ते इथल्या उन्हात, इथल्या अन्नावर वाढलेले असते, आणि सालगड्याच्या कुटुंबाला जीव लावते. लातूरच्या परिसरात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात जोपासला गेलेला कारवान आणि त्याच कुळातील लांब केसांचा पश्मी हे तर आपल्या मातीतलेच कुत्रे आहेत. सडपातळ बांधा, लांब पाय आणि उघड्या माळावर नजरेने सावज टिपून धावण्याची क्षमता यांमुळे मराठवाड्याच्या हवामानाशी त्यांचे जे जुळते, ते लॅब्रॅडॉरचे कधीही जुळणार नाही. परदेशी नावाच्या मोहात ही जात मागे पडावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

लॅब्रॅडॉर शेतावर नेऊच नये असे मात्र नाही. सकाळी घरच्या माणसाबरोबर जावा, विहिरीच्या हौदात डुंबावा, फेकलेली काठी शंभर वेळा आणून द्यावी आणि ऊन चढण्याआधी घरी परतावा. याहून सुखाचा दिवस त्याला दुसरा नसतो.

मराठवाड्याचा उन्हाळा त्याला सोसतो का?

सोसवून घ्यावा लागतो, आणि त्याची जबाबदारी पूर्णपणे आपली असते. थंड समुद्रासाठी तयार झालेला केसांचा थर घेऊन हा कुत्रा एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांच्या वर गेलेल्या पाऱ्यात राहतो. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकत अंग थंड करतो. त्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, आणि ते ४१ च्या वर गेले की उष्माघाताचा धोका असतो. लठ्ठ कुत्र्याला हा धोका लवकर गाठतो.

फिरायला सूर्योदयापूर्वी आणि रात्री जमीन निवल्यावरच न्यावे. डांबरी रस्त्यावर तळहात पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल, तर कुत्र्याचे पंजेही तिथे भाजतात. दुपारी त्याला पत्र्याच्या शेडखाली किंवा गच्चीवर ठेवू नये. घरातील फरशीवर, कूलरच्या झोताजवळ जागा द्यावी. जुन्या माळवदाच्या घरात खालची खोली दुपारी बरीच गार असते, ती उत्तम. पाण्याचे भांडे मातीचे आणि जड असावे, म्हणजे पाणी गार राहते आणि सांडत नाही. उन्हाळा आला म्हणून केस पूर्ण भादरून टाकू नयेत. त्यामुळे कातडीला थेट ऊन लागते. त्याऐवजी रोज ब्रश फिरवून खालचे मेलेले केस काढावेत.

कुत्रा अतिशय जोराने धापा टाकू लागला, लाळ घट्ट झाली, हिरड्या गडद लाल दिसू लागल्या किंवा तो झोकांड्या खाऊ लागला, तर आधी सावलीत आणून अंगावर भरपूर पाणी ओतावे, पंखा लावावा आणि मग लगेच दवाखान्यात न्यावे. ओले पोते अंगावर पांघरून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहे, पण ते पोते लवकरच गरम होते आणि वाफ आत कोंडते. पाणी ओतत राहणे आणि वारा घालणे हाच योग्य उपाय आहे.

टँकरच्या दिवसांत अंघोळीचे काय करावे?

त्याला रोज अंघोळीची गरज नसते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पुरते, आणि साबण जितका जास्त तितके अंगावरील नैसर्गिक तेल कमी होते. पाण्याची ओढ भागवण्यासाठी घमेल्यात दोन बादल्या पाणी ओतून त्याला पाय बुडवू दिले तरी चालते, आणि तेच पाणी नंतर झाडांना घालता येते. पोहून किंवा भिजून झाल्यावर कान मात्र आतून कोरडे करावेत. लोंबत्या कानांत ओल राहिली की जंतुसंसर्ग होतो आणि दुर्गंधी येते.

तो सतत भुकेला का असतो? भाकरी-दुधावर वाढवता येईल का?

भुकेमागे काही कुत्र्यांच्या बाबतीत आनुवंशिक कारण असल्याचे आता माहीत झाले आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की पीओएमसी नावाच्या जनुकातील एक छोटा तुकडा गळाल्याने पोट भरल्याचा संदेश नीट पोहोचत नाही, आणि सुमारे २३ टक्के लॅब्रॅडॉरमध्ये हा बदल आढळतो. अंधांना साहाय्य करणाऱ्या आणि तत्सम कामांच्या कुत्र्यांत त्याचे प्रमाण आणखी जास्त निघाले. खाऊसाठी शिकण्याची तयारी हे त्याचे एक कारण असू शकते. म्हणून त्याच्या डोळ्यांतील आर्जव पाहून ताटातला घास काढून देणे थांबवावे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर ते पिल्लू असल्यापासून मृत्यूपर्यंत चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भावंडांपेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यक आयुष्य (निम्मे कुत्रे ज्याहून अधिक जगतात ते वय) १३ वर्षे निघाले, तर इतरांचे ११.२ वर्षे. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागाव्यात आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसावी, इतके त्याचे वजन ठेवावे.

ज्वारीची भाकरी त्याला पचते, परंतु नुसत्या भाकरी-दुधात वाढीसाठी पुरेशी प्रथिने नसतात, आणि मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दुधाने जुलाब होतात. उकडलेली अंडी, चिकन, डाळीचे वरण, ताक-दही यांची जोड द्यावी किंवा पिल्लांसाठीचे तयार खाद्य वापरावे. उरलेल्या भाजीचा रस्सा घालून भाकरी कुस्करून देण्याची आपली पद्धत इथे घातक ठरते, कारण त्यातील कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी नष्ट करतात. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हेही विषारी आहेत. पिल्लाची हाडे मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमचे टॉनिक मनाने सुरू करू नये. संतुलित खाद्यावर असलेल्या मोठ्या जातीच्या पिल्लांत जास्तीच्या कॅल्शियमने सांध्यांची वाढ उलट बिघडते.

काळा, फॉन (पिवळा) की चॉकलेट? रंगाप्रमाणे स्वभाव बदलतो का?

स्वभाव रंगापेक्षा आई-वडिलांवर आणि संगोपनावर अवलंबून असतो. काळा रंग प्रभावी असल्याने दोन काळ्या कुत्र्यांनाही पिवळी किंवा चॉकलेट पिल्ले होऊ शकतात. सुरुवातीच्या काळात काळाच पसंत केला जाई. नोंद झालेला पहिला पिवळा लॅब्रॅडॉर ‘बेन ऑफ हाइड’ १८९९ मध्ये जन्मला. ब्रिटनमधील नोंदींवर आधारलेल्या २०१८ च्या एका अभ्यासात चॉकलेट रंगाच्या कुत्र्यांचे मध्यक आयुष्य १०.७ वर्षे, तर इतरांचे १२.१ वर्षे दिसले, आणि त्वचेचे व कानांचे आजारही चॉकलेटमध्ये अधिक आढळले. दुर्मीळ रंग म्हणून जादा पैसे मोजण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे.

घरात लहान लेकरे आहेत. चालेल का?

उत्तम चालते, मात्र मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच. लॅब्रॅडॉर मुद्दाम इजा करण्याचा संभव कमी असतो. शेपटीच्या फटक्याने किंवा उडीने लेकरू पडण्याचा संभव जास्त असतो. कुत्रा जेवत असताना त्याच्याजवळ जायचे नाही आणि तो झोपला असताना त्याला उठवायचे नाही, हे मुलांनाही शिकवावे.

पिल्लू घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट म्हणजे पिल्लाची आई. विकणारा आई दाखवत नसेल तर तिथून निघून यावे. ‘हेवी बोन’, ‘पंच फेस’, ‘चॅम्पियन लाइन’ हे शब्द किंमत वाढवण्यासाठी वापरले जातात. त्यांतून आरोग्याविषयी काहीच कळत नाही. आई माणसांत कशी वागते, लंगडते का, पिल्लांची जागा स्वच्छ आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. या जातीत खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांतील दोष आनुवंशिक असतो, त्यामुळे आई-वडिलांच्या खुब्यांचा एक्स-रे काढला आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. ज्याच्याकडे तो असेल, त्याच्याकडून घ्यावे. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद वंशावळ सांगतो. सांधे निरोगी असल्याची हमी तो देत नाही.

श्वान पैदास व विक्रीविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते, आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. महिन्याभराची पिल्ले खोक्यातून विकणाऱ्यांकडून खरेदी केली की पुढची मादी पुन्हा त्याच हालात विते. आईजवळ आठ आठवडे राहिलेले पिल्लू, किती जोराने चावले की भावंड कळवळते हे तिथेच शिकून येते.

कोणत्या आजारांची काळजी घ्यावी?

सांध्यांबद्दल वर आलेच आहे. त्याखेरीज आपल्या भागात सर्वांत त्रासदायक म्हणजे गोचीड. त्यांच्यामुळे एर्लिकिओसिस आणि बॅबेसिओसिस हे रक्ताचे आजार होतात. ताप, मलूलपणा, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसल्यास त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. घरात गाई-म्हशींचा गोठा असेल तर गोचिडांचे औषध कुत्र्याबरोबर जागेलाही करावे लागते, पण जनावरांच्या फवारणीचे औषध मनाने कुत्र्यावर मारू नये. पार्व्हो आणि डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगांवरील लसी सहा ते आठ आठवड्यांपासून टप्प्याटप्प्याने, तर रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात द्यावी आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित चालू ठेवावी. ताप आला म्हणून माणसांची आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. गुंतागुंतीच्या दुखण्यासाठी परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, हे अनेक घरांना ठाऊक नसते.

काही लॅब्रॅडॉर भरधाव पळून खेळल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत मागच्या पायांतून लुळे पडतात आणि थोड्या वेळाने सावरतात. हा व्यायामामुळे उद्भवणारा आनुवंशिक विकार आहे. असे एकदाही घडले तर चेंडूचा खेळ थांबवून डॉक्टरांना सांगावे.

पोलीस दलात लॅब्रॅडॉर असतात, मग ते आक्रमक कसे नसतील?

तिथे त्यांचे काम बहुतांशी वास घेण्याचे असते, हल्ला करण्याचे नव्हे. स्फोटके किंवा अमली पदार्थ हुडकणे म्हणजे पडलेला पक्षी हुडकण्याचेच दुसरे रूप आहे, आणि गर्दीत शांत राहणारा कुत्रा या कामाला लागतो. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ या लॅब्रॅडॉरने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून दिले होते. २००० मध्ये तो वारला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला.

घरी असे काम त्याला कसे द्यावे?

रोज पंधरा मिनिटे पुरतात. त्याला बसवून ठेवून एखादे जुने फडके किंवा खाऊचा डबा कडब्याच्या गंजीमागे, जिन्याखाली, कुंड्यांच्या मध्ये लपवावा आणि ‘आण’ असे सांगावे. आणल्यावर हिसकावून न घेता हातात देऊ द्यावे आणि शाबासकी द्यावी. सुरुवातीला जागा सोपी असावी, मग हळूहळू अवघड करत न्यावी. उन्हाळ्यात हा खेळ घरातच खेळता येतो, आणि तासभर चालण्यापेक्षा कुत्रा त्याने अधिक निवतो. म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या लॅब्रॅडॉरसाठीही तो थांबवू नये. फडके चार पावलांवर ठेवले तरी ते तोंडात घेऊन येताना त्याची शेपटी पूर्वीसारखीच हलते.